रक्त थांबल्याची नोंद

माझी थोरली बहीण हसताना तोंडावर पदर घेते. तिला आम्ही आक्का म्हणतो. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लहानपणापासून मी तिला असंच पाहत आलो, आणि आमच्या नात्यागोत्यात त्या पदराचं फार कौतुक होतं. मुलींनी हसावं तर हिच्यासारखं, असं बायका म्हणायच्या. माझी मुलगी सोळाची झाली आणि तीही हसताना ओढणीचं टोक ओठांवर धरू लागली, तेव्हा मला बरं वाटलं. आत्याचं वळण घेतलं, असं मी घरात बोलूनही दाखवलं.  मुलीच्या खालच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली होती आणि सकाळी ब्रश करताना रक्त येत होतं, हे मला वर्षभराने कळलं.

मी येडशीच्या दूध संकलन केंद्रावर बावीस वर्षं काम करतो. प्रत्येकाच्या दुधाचा फॅट काढायचा, लॅक्टोमीटर बुडवून दुधाच्या घट्टपणाची डिग्री बघायची आणि लिहायची. दुधात पाणी घातलं तर दोन्ही आकडे उतरतात. फॅट उतरलाय पण डिग्री जागची हलली नाही, असं दिसलं की समजायचं, पाणी घातलंय आणि ते झाकायला साखर टाकलीय. दोन आकड्यांनी एकमेकांशी जुळून चालायला हवं. एक सुधारला आणि दुसरा बिघडला, तर मध्ये कुणाचा तरी हात आहे. एवढी साधी गोष्ट मी बावीस वर्षं रोज वापरतो, आणि घरात ती मला सहा महिने दिसली नाही.

आक्काचं सासर कर्नाटकाच्या हद्दीत, सीमेपासून जवळच. दर श्रावणात ती जवळच्या रामलिंग देवस्थानच्या सोमवारांसाठी आमच्याकडे यायची आणि महिनाभर राहायची. मुलीला सतरा वर्षं पूर्ण झाली त्या श्रावणातली गोष्ट. मुलीने भाजलेलं कणीस दाताला लावलं आणि तशीच थांबली. कणसाच्या दाण्यांवर रक्त होतं. मी तोंड उघडायला लावलं, खालच्या डाव्या दाढेला बोट लावलं, तर दाढ हलली. सतरा वर्षांच्या मुलीची दाढ. मी तिला तिथंच बोललो. नीट घासत नाहीस, घाईघाईने उरकतेस, मोबाईल बघायला वेळ आहे, असं बरंच. ती ऐकून घेत राहिली. आक्का शेजारी वाती वळत बसली होती. 

दुसऱ्या दिवशी एसटीने धाराशिवला गेलो. आक्काला बाजारातून पूजेचं सामान घ्यायचं होतं म्हणून तीही बरोबर आली आणि दवाखान्यात आमच्या शेजारी बसली.

डॉक्टरबाई हिरड्यांच्या खास डॉक्टर होत्या. त्यांनी खुणा केलेली एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत टेकवत आकडे सांगत गेल्या. मदतनीस मुलगी लिहीत गेली. तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. मग पहिल्या दाढेपाशी आवाज तोच राहिला, आकडे बदलले. सात, पाच, आठ. मला कळत काहीच नव्हतं. तरी मी खिशातली वही काढून ते लिहून घेतले. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "लिहा, लिहा. पुढं उपयोगी पडतील."

त्यांनी समजावून सांगितलं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खाच असते. ती तीन मिलिमीटरपर्यंत असली तर चालते. इथं ती आठपर्यंत गेलीय आणि आतलं हाड विरघळलंय. एक्स-रेमध्ये चारी पहिल्या दाढांच्या कडेचं हाड विहिरीच्या काठाची माती ढासळावी तसं दिसत होतं.

मी म्हणालो, "ब्रश नीट करत नाही ही."

"तसं नाही. हिच्या दातांवर कीटण फारसं नाहीच. इतकं कमी कीटण आणि इतकी झीज, तीही सतराव्या वर्षी, हा वेगळा प्रकार आहे. हिला रागावू नका." मग त्यांनी पेन उचललं. "हा पुष्कळदा रक्ताच्या नात्यात असतो. घरात कुणाचे दात लवकर हलले, लवकर पडले? आई, वडील, आत्या, मावशी, आजी?"

माझे स्वतःचे दात शाबूत होते. मी आक्काकडे पाहिलं. आमच्या आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिच्याविषयी आक्काला माझ्याहून जास्त माहीत.

"आमच्यात न्हाय बाई कुणाचं," आक्का म्हणाली. "आमची अव्वा गेली तवा बी दात जागच्या जागी हुते. हिच्या आईच्या माहेरी बघा."

मी वहीत लिहिलं: वडिलांकडे कुणाला नाही.

तिथून बाहेर पडल्या पडल्या मी सासऱ्यांना फोन लावला आणि दात किती आहेत असं विचारलं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी मला थांबायला सांगितलं, जिभेने चाचपून मोजले आणि म्हणाले, "एकोणतीस हैत. का, कुणाला पायजेत का?" घरी आल्यावर बायकोने हे ऐकलं आणि ताट आपटलं. "माझे वडील अजून दातानं ऊस सोलत्यात. त्यांचं तोंड तपासायची अक्कल कुणी दिली तुम्हाला?" आक्का तेव्हा देवापुढे भस्म लावत होती. तिने मान वर केली नाही.

उपचाराचं मला पहिल्याच दिवशी नीट समजलं, कारण डॉक्टरबाईंनी मला उलट विचारलं होतं, "तुम्ही दुधाचे कॅन कसे धुता?"

"सोड्याच्या पाण्यानं, ब्रशनं घासून. नुसतं पाणी फिरवलं तर आत बुळबुळीत थर राहतो आणि दुसऱ्या दिवशी दूध फाटतं."

"तोच थर. तो जंतूंचाच असतो. फक्त इथं तो हिरडीच्या खाली बसलाय, जिथं वारा लागत नाही, आणि तसल्या जागी राहणारे जंतू जास्त वाईट. चूळ भरून तो निघत नाही. ब्रश तिथवर पोचत नाही. आम्ही भूल देऊन खाली जाऊन घासू. पण तो साधारण तीन महिन्यांत पुन्हा बसतो. म्हणून दर तीन महिन्यांनी यायचं."

"किती वर्षं?"

"दात ठेवायचे तितकी."

तोंडाचे चार भाग करून चार वेळा तिची आतून सफाई झाली. आठवडाभर गोळ्या झाल्या. शिवाय दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश दिले. डॉक्टरबाईंनी बजावलं, की सुरुवातीला रक्त येईल, त्याला भिऊन ब्रश सोडायचा नाही.

अठ्ठावीस दातांमध्ये सव्वीस फटी. दर रविवारी सकाळी मुलीने आरशासमोर उभं राहून सगळ्या फटींतून तो बारीक ब्रश फिरवायचा आणि रक्त किती ठिकाणी आलं ते मला सांगायचं, असं मी ठरवलं. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं नव्हतं. पहिल्या रविवारी एकोणीस ठिकाणी आलं. आक्का शेवटचा सोमवार करून सासरी गेली त्यानंतरच्या रविवारी सोळा. मग बारा. मग सात. मी वहीत आलेख काढला. रेघ कशी सरळ खाली उतरत होती! केंद्रावर दूध घालायला येणाऱ्यांनासुद्धा मी सांगितलं. मुलगी म्हणायची, "अप्पा, एवढं काय त्यात," आणि मान खाली घालायची. मला तो तिचा साधेपणा वाटला.

तीन महिन्यांनी खोली मोजली तेव्हा आठाचे सहा झाले होते, साताचे पाच. डॉक्टरबाई समाधानी होत्या. मी तर वही छातीशी धरून बसलो होतो.

सहा महिन्यांनी, माघात, आम्ही पुन्हा गेलो. त्या आठवड्याला रक्त फक्त दोन ठिकाणी आलं होतं. त्यांनी विचारायच्या आधीच मी वही पुढे केली. त्यांनी आलेख पाहिला, छान म्हणाल्या आणि सळई घेतली. मदतनीस लिहायला बसली. सहा. सात. सात. खालच्या डाव्या दाढेला नऊ.

मला वाटलं, ऐकण्यात चूक होतेय. "मॅडम, परत एकदा बघता का?"

त्यांनी पुन्हा मोजलं. नऊच.

"आणि रक्त मात्र नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी छोटा आरसा घेऊन खालच्या दातांची आतली बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली. "घरात तंबाखू?"

मी खुर्चीवरून उठलोच. म्हणालो, "मॅडम, आमच्या घरात सुपारीसुद्धा नाही."

त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. मुलीला विचारलं, "मिसरी लावतेस का गं?"

मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने मान हलवली. होय.

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"दिली कुणी?"

"आत्यानं."

मिसरी म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. आमच्याकडच्या पुष्कळ बायका ती बोटाने दाताला लावतात. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दाशब्दाने लिहून घेतलं. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. रक्त थांबतं. रोग थांबत नाही, उलट जोर धरतो. "रक्त येणं ही हिरडीची तक्रार असते. हिने तक्रार बंद केली. खालचं काम चालूच राहिलं."

एक आकडा सुधारला, दुसरा बिघडला. दुसऱ्याच्या दुधात मी हे एका मिनिटात ओळखलं असतं.

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली होती. शिंगोलीच्या पुढे आल्यावर तिने सांगायला सुरुवात केली. आक्का निघायच्या आदल्या दिवशी तिने मुलीला मागच्या दारी नेलं, एक लहान डबी हातात दिली आणि म्हणाली, रोज सकाळी बोटानं लाव, रक्त थांबलं की हिरडी दाताला धरती. बापाला सांगू नको, त्याला कळायचं न्हाय. डबी तिने कंपासपेटीत ठेवली होती. दोनदा संपली, दोनदा आक्काने गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर भरून पाठवली.

"मला सांगायचं होतंस की गं," मी म्हणालो.

"तुम्ही दर रविवारी वही घेऊन बसायचात. आकडा कमी झाला की तुमचं तोंड कसं व्हायचं, ते तुम्हाला दिसत नव्हतं." मग ती म्हणाली, "मी आकडा खोटा नाही सांगितला, अप्पा. एकदाही नाही."

हे खरं होतं. त्या वहीतला एकही आकडा खोटा नाही. म्हणूनच मला ती वही आजही हातात घ्यावीशी वाटत नाही, आणि फेकवतही नाही.

घरी बायकोने सगळं ऐकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने डबी उघडली, वास घेतला आणि मला म्हणाली, "वन्संनी दिली ते दिली. पण मिसरीनं हिरडीचं रक्त थांबतं, हे वन्संना कसं ठावं? त्या स्वतः तर लावत न्हाईत."

मी दुसऱ्या दिवशी केंद्रावर सुट्टी टाकली आणि आक्काच्या गावी गेलो. दोन गाड्या बदलाव्या लागतात. पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि ती ओसरीत शेंगा फोडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, लगेच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ताटात घेतली. मी डबी काढून ताटाशेजारी ठेवली.

आक्काने डबीकडे पाहिलं आणि परत शेंगा फोडायला बसली.

"किती झालं?" तिने विचारलं.

"नऊ. दाढ जाणार."

"एक दाढ व्हय. आतली हाय. कुणाला दिसती?"

"आक्का, मिसरीनं रक्त थांबतं हे तुला कुणी सांगितलं?"

"बायकांना ठावं असतंय."

"डॉक्टरबाईनं तुझ्यासमोर विचारलं. तू न्हाय म्हणालीस. म्या तसंच लिहून घेतलं."

"मग काय म्हणू?" आता तिचा आवाज चढला. "भर दवाखान्यात, चार माणसं ऐकत्यात, पोरगी लग्नाला आलेली, अन् मी सांगू, आमच्या घरात पोरींचे दात पडत्यात म्हणून? उद्या कोण करून घेईल तिला? तुझ्याच पोरीसाठी न्हाय म्हणलं."

"अन् माझ्या सासऱ्याच्या तोंडावर ढकललंस."

"ढकललं. त्याला काय धाड भरली? म्हातारा ऊस खातोय."

 आक्काने टोपली बाजूला केली, भिंतीकडे तोंड वळवलं आणि परत माझ्याकडे वळली. तिचा वरचा ओठ आत गेला होता. तिच्या हातात कवळी होती. साठीच्या बाईला कवळी असणं काही नवलाचं नाही, पण तिला ती आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. तिने दाताविना, फुसफुसत्या आवाजात सांगितलं, "ही सगळी मागनं झाली. पुढचे चार पयले. सोलापूरला बसवले. तू संगं हुतास. भाईर बाकड्यावर गोळ्या खात बसला हुतास."

मला आठवलं. मी तेव्हा लहान होतो, किती वर्षांचा ते सांगता येणार नाही. अव्वाने आम्हा दोघांना दोनदा सोलापूरला नेलं होतं, आणि मला सांगितलं होतं की आक्काला डोळ्याच्या डॉक्टरकडे दाखवायचंय. मी लिमलेटच्या गोळ्या मोजत बसलो होतो. त्यानंतर आक्काला चष्मा लागला नाही. मोजण्याची सवय असलेल्या मला हे चाळीस वर्षांत एकदाही खटकलं नाही. पुढच्या वर्षी तिला बघायला पाहुणे आले. ती पाटावर बसली होती, कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं आणि तिने पदर तोंडावर घेतला. सासूला तीच गोष्ट आवडली, असं अव्वा पुढे कितीतरी वर्षं अभिमानाने सांगायची.

"अव्वानं शपथ घातली हुती," आक्का म्हणाली.

"अव्वाला जाऊन बारा वर्षं झाली."

"शपथ जाती व्हय?"

मग तिने आपणहून एक गोष्ट सांगितली. ती तिने सांगितली नसती तर कदाचित मी जेवून परत आलो असतो. ती म्हणाली, "दवाखान्याच्या आदल्या श्रावणात तुझ्या पोरीनं तोंडावर ओढणी धरली ना, तवाच म्या ओळखलं. माझ्यासारखंच करत हुती."

म्हणजे दवाखान्याच्या एक वर्ष आधी. तेव्हा मुलगी सोळाची होती आणि दाढ हलत नव्हती. माझ्याच घरात बसून, माझ्या मुलीकडे बघत, आक्काला हे कळलं होतं. त्या वर्षभरात किती मिलिमीटर गेले ते कुठल्याही वहीत नाही.

"कितव्या वर्षी पडले तुझे पुढचे?" मी विचारलं. "डॉक्टरबाईंना वय लागतं."

आक्काने कवळी परत तोंडात बसवली. चेहरा पहिल्यासारखा झाला.

"लिहू नगंस," ती म्हणाली.

मी उठलो. ताट तसंच राहिलं. तिच्या घरातून न जेवता निघायची माझी ती पहिली वेळ. ती दारापर्यंत आली नाही.

त्यानंतरच्या महिन्यात दाढ काढली. उरलेल्या तिन्ही पहिल्या दाढांची हिरडी उघडून आतून सफाई केली, टाके घातले. मुलीने भूल उतरल्यावर कापूस दाताखाली धरून मला बोटांनी खूण केली, आधी दोन, मग सात. सत्तावीस राहिलेत. मिसरी तिने दवाखान्यात कबूल केलं त्याच दिवशी सोडली होती. सोडल्यावर पुढच्या रविवारी दोनाचे अकरा झाले. ती घाबरली. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं होणारच, हिरडी परत बोलायला लागलीय. रक्त वाढलं म्हणून मी इतका खूश कधी होईन असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून रविवारचा आकडा ती स्वतःच लिहिते, आणि मी विचारत नाही.

माझंही तोंड तपासलं. माझ्यात कुठेच तीनच्या वर आकडा नव्हता. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला वाटलं, अव्वाने आणि आक्काने मला यातून वगळलंच होतं. मुलगा आहे, दात बरे आहेत, कशाला सांगायचं. वहीतल्या "वडिलांकडे कुणाला नाही" या ओळीवर मी एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: आत्या. वय माहीत नाही. डॉक्टरबाईंनीही फाईलमध्ये आत्यापुढची जागा रिकामी ठेवली.

पुढच्या श्रावणात आक्का आली नाही. फोन बायको घ्यायची. बायकोचा राग लवकर गेला. तिचं म्हणणं, लग्न न झालेल्या पोरीला आईनं शपथ घातली तर ती काय करणार. मी म्हणायचो, ती आता साठ वर्षांची आहे.

यंदाच्या श्रावणात ती आली. रामलिंगाला जायला तिला दुसरं घर नाही. पहिल्या सोमवारी देवाला जाऊन आली. मंगळवारी सकाळी आमची धाराशिवची तीन महिन्यांची पाळी होती. आम्ही निघायच्या तयारीत होतो. सासऱ्यांचा फोन आला होता आणि ते नातीला विचारत होते, "तुझ्या बापाला सांग, एकोणतिसाचे अठ्ठावीस झालेत, वहीत दुरुस्ती कर म्हणावं." मुलगी मोठ्याने हसली. तोंड पूर्ण उघडं. खाली डावीकडे दाढेची जागा रिकामी दिसत होती.

आक्काचा हात आपोआप स्वतःच्या पदराकडे गेला. "ओढणी घे गं. दिसतंय."

"दिसू दे, आत्या." मुलीने फोन ठेवला. "तुम्ही पण चला ना आज. खालचे किती राहिलेत ते तरी मोजतील."

"सहा हैत. ते मोजाय दवाखाना कशाला पायजे?"

"हलतात का ते बघतील."

"हलत्यात. मला ठावं हाय."

 आम्ही चपला घातल्या. मी फाटकाची कडी काढली तेव्हा आक्का ओसरीच्या कडेला उभी होती, आणि माझ्याकडे न बघता, तुळशीकडे बघत म्हणाली, "एकोणीस."

"काय?"

"तू इचारलं हुतंस. एकोणीस. पुढचे चार. अव्वाच्या दाढा तर तू व्हायच्या आधीच गेल्या हुत्या. लिही आता, लिहायचं तर."

मुलगी याच आषाढात एकोणीसची झाली. मी वही काढली आणि फाटकावर टेकवून तो आकडा लिहिला. आक्का कदाचित मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबली होती. मी वही खिशात घातली. ती आत गेली.

दवाखान्यात मी फाईलमधली ती जागा भरायला सांगितली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आत्या म्हणजे पहिल्या दिवशी इथं बसलेल्या, त्याच ना?"

"त्याच," मी म्हणालो.

त्यांनी एकोणीस लिहिलं आणि आजीपुढे 'दाढा लवकर' असं लिहिलं. मग मुलीला तोंड उघडायला सांगितलं. मदतनीस पेन घेऊन बसली. तीन, तीन, चार. तीन, दोन, तीन. उजव्या खालच्या दाढेला पाच, मागच्या वेळेइतकेच. मी सगळे लिहून घेतले.